रॉडवर १५०० वॉट छापलेले, मोजल्यावर ११११ : व्होल्ट, अँपिअर, ओहम आणि वॉट यांचा हिशेब

जांबोटीकर (तालुका खानापूर)

नमस्कार मंडळी. पाणी तापवण्याच्या आमच्या रॉडवर १५०० वॉट, २३० व्होल्ट असे छापलेले आहे. वीस लिटरची बादली आंघोळीपुरती तापायला पंचवीस मिनिटांच्या आत वेळ लागेल असे दुकानदाराने सांगितले होते, पण आमच्याकडे अर्धा तास उलटून जातो. रॉडच खोटा निघाला की काय, या शंकेने एका मित्राकडून प्लगमध्ये लावायचे वॉटमीटर आणले. ते सॉकेटमध्ये घालून त्यात रॉडचा प्लग लावल्यावर पुढील आकडे दिसले : १९८ व्होल्ट, ५.६१ अँपिअर, ११११ वॉट, पॉवर फॅक्टर १.००. रॉड बंद असताना त्याच ठिकाणी २१२ व्होल्ट दिसतात.

शाळेत शिकल्याप्रमाणे १९८ ला ५.६१ ने भागले तर रोध ३५.३ ओहम येतो आणि दोन्हींचा गुणाकार केला तर ११११ वॉट येतात, म्हणजे मीटरचा हिशेब आपसात जुळतो. मग छापलेले १५०० वॉट कोठे गेले? रॉड परत न्यावा का?

मागवाला (वडगाव, बेळगाव)

जवळजवळ चारशे वॉट कमी भरतात म्हटल्यावर विचार कसला करता? पावती असेल तर बदलून घ्या.

प्रयोगवही (शहापूर, बेळगाव)

घाई करू नका. रॉड प्रामाणिक आहे, आणि ते सिद्ध करायला लागणारे सगळे आकडे तुम्ही स्वतःच दिलेले आहेत.

छापलेले १५०० वॉट हे २३० व्होल्टसाठी आहेत. १५०० ला २३० ने भागले की ६.५२ अँपिअर येतात आणि २३० ला ६.५२ ने भागले की ३५.३ ओहम येतात. तुम्ही मोजलेला रोधही ३५.३ ओहमच आहे. रॉडच्या आतील तार ज्या रोधाची असायला हवी त्याच रोधाची आहे, म्हणजे कारखान्याने फसवलेले नाही. रॉडच्या हातात फक्त त्याचा रोध असतो; वॉट किती भरतील हे त्याच्या दोन टोकांना किती व्होल्ट मिळतात यावर ठरते.

आता वॉट इतके कसे घसरले ते पाहू. शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. रोध तोच राहिला तर व्होल्ट कमी झाल्यावर अँपिअरही त्याच प्रमाणात कमी होतात, त्यामुळे गुणाकारात घट दोनदा लागते आणि शक्ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १९८ भागिले २३० म्हणजे ०.८६१, त्याचा वर्ग ०.७४१, आणि १५०० चे ०.७४१ पट म्हणजे १११२. व्होल्टेज १४ टक्क्यांनी उतरले आणि वॉट २६ टक्क्यांनी उतरले. हेच उत्तर व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, किंवा अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम, अशा दोन्ही वाटांनी काढून पाहा. तिन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात.

बादलीचा हिशेबही यातच बसतो. वीस लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत न्यायला सुमारे २०९३ किलोज्यूल लागतात. १५०० वॉटने त्याला २३ मिनिटे लागतील आणि ११११ वॉटने ३१ मिनिटे, यात बादलीबाहेर जाणारी उष्णता धरलेली नाही. तुमचा अर्धा तास येथूनच आला. वीज मात्र दोन्ही वेळा सारखीच लागते, सुमारे ०.५८ युनिट. कमी व्होल्टेजने बिल वाचते असे समजून कोणी आनंद मानत असेल तर तो व्यर्थ आहे.

जुना वायंडर (उद्यमबाग)

मास्तरांनी रॉडला निर्दोष सोडवले ते योग्यच झाले, पण मला त्या रॉडपेक्षा दुसऱ्याच आकड्याची काळजी वाटते. रॉड बंद असताना २१२ आणि चालू केल्यावर १९८, म्हणजे १४ व्होल्ट वाटेत कोठेतरी गळतात. १४ ला ५.६१ ने भागा. अडीच ओहम येतात. हा रोध रॉडचा नव्हे, खांबापासून रॉडच्या पिनेपर्यंतच्या वाटेचा आहे. घरगुती जोडणीत अडीच ओहम हा आकडा मला मोठा वाटतो.

जांबोटीकर, एवढे सांगा : विजेच्या मीटरपासून न्हाणीघर किती लांब आहे, वायर कोणती ओढली आहे, आणि रॉड कोणत्या सॉकेटवर चालतो? मीटरजवळच्या बोर्डवर आणि न्हाणीघराच्या बोर्डवर, रॉड चालू असताना किती व्होल्ट मिळतात तेही पाहा. उघड्या तारांवर काही मोजायला जाऊ नका. बोर्डवर शेजारी दुसरे सॉकेट असेल तर त्याच्या छिद्रांतूनच मोजा.

जांबोटीकर

न्हाणीघर परसात नवीन बांधले असल्यामुळे मीटरपासून पट्टीने मोजलेली लांबी ३५ मीटर आहे. वायर तांब्याची, दीड एमएम (दीड चौरस मिलिमीटर छेदाची). बोर्डवर ६ अँपिअरची दोन सॉकेटे शेजारी शेजारी आहेत. रॉडची मोठी पिन त्यात बसेना, म्हणून दुकानदाराने ती काढून छोट्या पिनेचा टॉप (प्लग) लावून दिला होता.

रॉड चालू ठेवून घेतलेली मापे अशी आहेत. मीटरजवळच्या सॉकेटवर २०९.५ व्होल्ट, न्हाणीघराच्या बोर्डवरील शेजारच्या रिकाम्या सॉकेटवर २०४.८ व्होल्ट, आणि रॉड ज्या सॉकेटवर आहे तेथे लावलेल्या वॉटमीटरवर १९८. रॉड बंद केला की तिन्ही ठिकाणी २१२ दिसतात.

आपण विचारले म्हणून सॉकेट नीट न्याहाळले, तर उजव्या बाजूच्या छिद्राभोवतीचे पांढरे प्लास्टिक चहाच्या रंगाचे झालेले दिसले आणि तेवढ्याच भागावर बोट फिरवले की खडबडीत लागते. टॉप काढल्यावर एक पिन काळपट आणि कोमट होती. जळका वास आम्हाला येत होता, पण तो चुलीचा असावा असे घरात सगळे धरून चालले होते.

मागवाला

वायरचा हिशेब मी करून पाहिला. दीड एमएम तांब्याच्या वायरचा रोध तक्त्यात एका किलोमीटरला १२.१ ओहम दिलेला असतो. ३५ मीटरला ०.४२ ओहम होतात आणि ५.६१ अँपिअरला २.४ व्होल्ट पडतात. मीटरपासून बोर्डपर्यंत मात्र ४.७ व्होल्ट पडलेले दिसतात. म्हणजे वायर कमी जाडीची दिली असणार.

जुना वायंडर

मागवाले, वायरवर आळ घेऊ नका. करंट फेजच्या तारेने जातो आणि न्यूट्रलने परत येतो, त्यामुळे ३५ मीटर नव्हे, ७० मीटर तांबे धरायला हवे. ०.८५ ओहम होतात, गुणिले ५.६१ म्हणजे ४.७ व्होल्ट. जे मोजले तेच आले. वायर दीड एमएमचीच आहे आणि मध्ये कोठे सैल जोडही नाही.

आता १४ व्होल्टची वाटणी करू. खांबापासून मीटरच्या बोर्डपर्यंत २.५ व्होल्ट, म्हणजे ०.४५ ओहम. तेथून न्हाणीघरापर्यंत ४.७ व्होल्ट, म्हणजे ०.८४ ओहम. आणि शेजारच्या सॉकेटपासून रॉडच्या सॉकेटपर्यंत, म्हणजे वीतभर अंतरात, ६.८ व्होल्ट! याला ५.६१ ने भागले तर १.२१ ओहम येतात. सत्तर मीटर तांब्यापेक्षा एका स्विचचा, सॉकेटच्या पाकळीचा (आतील पिनेला धरणाऱ्या पितळी पट्टीचा) आणि पिनेचा रोध जास्त भरतो, एवढ्यावरून रोग कोठे आहे ते कळते.

त्या जागेत होणारी उष्णता काढा : ६.८ गुणिले ५.६१, सुमारे ३८ वॉट. वायरमध्येही २६ वॉट उष्णता होते, पण ती ७० मीटरभर पसरते आणि हाताला जाणवतसुद्धा नाही. हे ३८ वॉट मात्र हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या पितळेत साठतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची इस्त्री साधारण २५ ते ३५ वॉटची असते आणि तिने कथील वितळते; तशीच एक इस्त्री तुमच्या बोर्डच्या आत रोज अर्धा तास चालू असते असे समजा.

आजपासून त्या सॉकेटवर रॉड लावू नये. १५०० वॉटच्या रॉडला पूर्ण व्होल्टेजवर साडेसहा अँपिअर लागतात आणि सॉकेट ६ अँपिअरचे आहे, म्हणजे ते पहिल्या दिवसापासूनच अपुरे होते. मोठी पिन छोट्या सॉकेटात बसत नाही, ती काही कारणाने बसत नाही. पिन बदलून दिल्याने अडचण सुटल्यासारखी वाटली, पण पाकळी तापली, तापल्यामुळे तिची पकड सैल झाली, सैल झाल्यामुळे रोध वाढला आणि रोध वाढल्यामुळे ती आणखी तापू लागली. हे चक्र आपोआप थांबत नाही.

जांबोटीकर

एक शंका राहते. मागील महिन्यात वायरमन आला होता तेव्हा त्याने मल्टिमीटरचा बीप लावून सगळे जोड तपासले होते. सगळीकडे बीप वाजला. १.२१ ओहम त्याला कसे दिसले नाहीत?

प्रयोगवही

मल्टिमीटरचा बीप बहुधा तीस-चाळीस ओहमच्या खाली काहीही असले तरी वाजतो. तार सलग आहे एवढेच तो सांगतो. जोड चांगला आहे असे तो कधीच सांगत नाही. ओहमच्या पट्टीवर ठेवून मोजले तरी मीटरच्या दोन वायरींचाच रोध ओहमच्या काही दशांशांएवढा भरतो आणि तो आधी वजा करावा लागतो. शिवाय मल्टिमीटर मोजण्यासाठी अगदी थोडा, मिलिअँपिअरच्या घरातील करंट सोडतो. थंड पाकळीचा एखादा बिंदू पिनेला टेकलेला असला तर एवढ्याशा करंटला तो पुरतो आणि आकडा छान दिसतो. तोच बिंदू साडेपाच अँपिअर नेताना तापतो, आणि तेव्हाचा रोध निराळा असतो. असा जोड पकडायचा असेल तर त्यातून खरा करंट जात असताना त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे व्होल्ट मोजून वजाबाकी करावी लागते. वायंडर काकांनी तुमच्याकडून तेच करून घेतले.

हा तिढा जुना आहे. जर्मनीत गेओर्ग ओहम यांनी प्रयोग सुरू केले तेव्हा त्यांच्याकडे व्होल्टाच्या पद्धतीची रासायनिक बॅटरी होती. तारेतून करंट जाऊ लागला की बॅटरीचाच जोर उतरत असे, त्यामुळे तारेचा परिणाम कोणता आणि बॅटरीचा कोणता हे वेगळे काढता येईना. पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञांनी सुचवल्यावरून त्यांनी बॅटरी बाजूला ठेवली आणि तांबे व बिस्मथ यांच्या जोडाचे एक टोक उकळत्या पाण्यात व दुसरे बर्फात ठेवून स्थिर दाब, म्हणजे व्होल्टेज, मिळवला. १८२६ मधील त्या मापांतून नियम हाती आला आणि १८२७ मध्ये त्यांनी तो पुस्तकात मांडला. शक्ती करंटच्या वर्गाने आणि रोधाने ठरते हे इंग्लंडमध्ये ज्यूल यांनी दाखवले ते पुढे १८४१ मध्ये. जांबोटीकरांच्या बोर्डवर ओहम यांची अडचण आणि ज्यूल यांची उष्णता दोन्ही एकत्र नांदत आहेत.

इयत्ता दहावी (येळ्ळूर)

सर, मला याच नियमावर विचारायचे आहे. आमच्या सरावात उदाहरण आहे की २२० व्होल्ट, १०० वॉटचा दिवा ११० व्होल्टवर लावला तर किती वॉट भरतील. मी व्होल्ट निम्मे म्हणून वॉट चौथाई असे धरून २५ लिहिले आणि ते बरोबर आले. पण आमच्या घरी जुना १०० वॉटचा तारेचा दिवा आहे. काकांच्या मल्टिमीटरने त्याचा रोध मोजला तर फक्त ४० ओहम दिसतो. हिशेबाने २३० चा वर्ग भागिले १०० म्हणजे ५२९ ओहम यायला हवेत. मग मीटर बिघडला आहे का?

प्रयोगवही

मीटर ठीक आहे आणि तुमचा हिशेबही ठीक आहे, बाळ. दोन्ही आकडे एकाच दिव्याचे आहेत, पण एकाच अवस्थेचे नाहीत. दिव्यातील टंगस्टनची तार पेटलेली असताना अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि त्या तापमानाला तिचा रोध थंड असतानाच्या बारा-पंधरा पट होतो. ५२९ ओहम हा पेटलेल्या तारेचा रोध आहे, ४० ओहम थंड तारेचा. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणाला या दिव्यातून पाच-सहा अँपिअर जातात आणि तार तापताच ते अर्ध्या अँपिअरच्याही खाली येतात. जुने दिवे बटण दाबतानाच का उडत असत, याचे कारण यात आहे.

म्हणून ११० व्होल्टवर खरा दिवा लावला तर २५ नव्हे, तीस वॉटच्या वर शक्ती भरेल, कारण तार कमी तापेल आणि तिचा रोध ५२९ च्या बराच खाली राहील. परीक्षेत २५ च लिहावे. त्या उदाहरणात रोध बदलत नाही असे गृहीत धरलेले असते.

रॉडच्या बाबतीत हा घोटाळा का झाला नाही, हेही लक्षात घ्या. त्याची तार निक्रोमची असते. या मिश्रधातूचा रोध तापमानाने फार थोडा बदलतो, आणि पाण्यात बुडलेली असल्याने ती लालही होत नाही. थंड रॉडचा रोध बाहेर काढून मोजला तरी पस्तीस ओहमच्या जवळपासच येईल. तो मोजताना प्लग सॉकेटमधून काढलेला असावा, हे सांगायला नको, तरी सांगतो.

मागवाला

मीही उसने वॉटमीटर आणून घरच्या एका एलईडी दिव्याला लावले. २३० व्होल्ट, ०.०७ अँपिअर आणि वॉट मात्र ९. गुणाकार केला तर १६ येतात. येथे कोणता आकडा खरा धरायचा?

प्रयोगवही

दोन्ही. १६ हा व्होल्ट-अँपिअरचा आकडा आहे आणि ९ हा वॉटचा. त्यांचे गुणोत्तर म्हणजे पॉवर फॅक्टर, येथे सुमारे ०.५६. या दिव्याच्या आत ड्रायव्हर नावाचे सर्किट असते, ते करंट सलग न घेता प्रत्येक लहरीच्या शेंड्यावर थोडा थोडा ओढते. अशा वस्तूचे व्होल्ट भागिले अँपिअर केले तर भागाकार जरूर येतो, पण तेवढा रोध आत कोठेही सापडत नाही. जांबोटीकरांच्या मीटरवर पॉवर फॅक्टर १.०० होता, म्हणूनच त्यांच्या रॉडला साधा नियम बिनदिक्कत लावता आला.

निपाणीचा मळा (तालुका निपाणी)

चर्चा वाचून माझे कोडे मांडतो. विहिरीवर ५ एचपीची थ्री फेज मोनोब्लॉक मोटर आहे. पाटीवर ४१५ व्होल्ट आणि ७.५ अँपिअर लिहिले आहे. थ्री फेज करंट ठरावीक तासच असतो, त्यामुळे तो आला की आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांतील मोटरी एकदमच सुरू होतात. तेव्हा माझ्या स्टार्टरवर ३६० व्होल्ट दिसतात. जांबोटीकरांच्या रॉडने व्होल्ट उतरल्यावर करंट कमी घेतला, मग माझ्या मोटरचा करंट ८.४ कसा होतो? शिवाय ३६० भागिले ८.४ केले तर ४३ ओहम येतात आणि मोटरचे वायंडिंग दोन टोकांमध्ये मोजले तर जेमतेम तीन ओहम भरते. ४३ खरे की ३?

जुना वायंडर

मळेवाले, वायंडिंगच्या तांब्याचा रोध तीनच ओहम आहे. ४३ हा नुसता भागाकार आहे, त्याला रोध म्हणता येत नाही. मोटर फिरू लागली की तिच्या गुंडाळ्यांत उलट दिशेचा दाब तयार होतो आणि बाहेरून येणाऱ्या व्होल्टेजचा मोठा भाग तोच अडवून धरतो. तो दाब नसता तर तीन ओहममधून शंभराच्या वर अँपिअर गेले असते. मोटर जाम झाली की तो उलट दाब बराच उतरतो, करंट पाटीवरच्या पाच-सहा पट चढतो आणि ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) वेळेवर पडला नाही तर काही क्षणांत वॉर्निश जळल्याचा वास सुटतो.

करंट वाढण्याचे कारण असे की रॉडला काम नेमून दिलेले नसते, मोटरला असते. पंपाने इतके पाणी इतक्या उंचीवर चढवायचे, हे ठरलेले असते. व्होल्टेज उतरले तरी पाणी तेवढेच ओढायचे असल्यामुळे मोटर जास्त अँपिअर घेऊन वॉट भरून काढते. हिशेब करून पाहा. थ्री फेजमध्ये वॉट म्हणजे १.७३२ गुणिले व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले पॉवर फॅक्टर. पाटीप्रमाणे ४१५ व्होल्ट, ७.५ अँपिअर आणि ०.८२ पॉवर फॅक्टर धरला तर ४४२१ वॉट येतात. त्यांपैकी ५ एचपी म्हणजे ३७३० वॉट शाफ्टवर मिळतात, बाकीचे मोटरच्या अंगात उष्णता होऊन जातात. आता ३६० व्होल्ट, ८.४ अँपिअर आणि ०.८५ पॉवर फॅक्टर धरा, तर ४४५२ वॉट येतात. काम जवळजवळ तेच आहे.

तोटा होतो तो तांब्यात. वायंडिंगच्या तीन ओहमना अँपिअरच्या वर्गाचा नियम पूर्ण लागू आहे. ८.४ भागिले ७.५ म्हणजे १.१२, त्याचा वर्ग १.२५. करंट १२ टक्के वाढला आणि तांब्यातील उष्णता २५ टक्के वाढली. उन्हाळ्यात रिवायंडिंगला येणाऱ्या मोटरी मी अशाच पाहिल्या आहेत, तिन्ही फेजच्या गुंडाळ्या सारख्याच काळ्या पडलेल्या. एका फेजवर चालून जळलेली मोटर निराळी दिसते. तिच्यात काही गुंडाळ्या काळ्या असतात आणि काही अगदी नव्यासारख्या.

तिन्ही फेजचे करंट सारखे आहेत का, तेही क्लॅम्प मीटरने पाहून घ्या.

जांबोटीकर

मळेवाल्यांच्या मध्ये बोलतो, क्षमस्व. वायरमनला बोलावून न्हाणीघरात १६ अँपिअरचे सॉकेट आणि स्विच बसवून घेतले, रॉडला पुन्हा मोठी पिन लावली. आता वॉटमीटर २०४.४ व्होल्ट, ५.७९ अँपिअर आणि ११८४ वॉट दाखवतो. जुने सॉकेट उघडल्यावर आतील एक पाकळी निळसर पडलेली होती आणि तिला जोडलेल्या वायरचे प्लास्टिक बोटभर कडक होऊन तडकलेले होते. तेवढी वायर कापून टाकली. आता दीड एमएम काढून अडीच एमएमची वायर ओढली तर १५०० वॉट मिळतील का?

जुना वायंडर

नाही मिळणार. अडीच एमएमचा रोध एका किलोमीटरला ७.४१ ओहम, ७० मीटरला ०.५२. वायरमधील घट पावणेपाच-पाच व्होल्टऐवजी तीन व्होल्ट होईल आणि रॉडला फार तर वीस-बावीस वॉट जास्त मिळतील. मुळात खांबावरूनच २१२ येत असतील तर तुमच्या घरातील कोणतीही वायर त्यांचे २३० करू शकत नाही.

तरीही वायर बदला, पण दुसऱ्या कारणासाठी. १६ अँपिअरचे सॉकेट दिसले की उद्या कोणी तरी त्यात तीन हजार वॉटचा गिझर लावील आणि तो तेरा अँपिअर ओढील. बदलेपर्यंत त्या लाइनवर १० अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवून घ्या. तुमच्या रॉडला ती पुरते आणि वायरला राखते. न्हाणीघर आहे, तेव्हा ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीही (करंट जमिनीकडे गळू लागला की वीज तोडणारा स्विच) असावी, आणि रॉड चालू असताना बादलीत हात घालून पाणी पाहण्याची सवय घरात कोणाला असेल तर ती मोडावी.

निपाणीचा मळा

करंट मोजून घेतले : ८.९, ८.४ आणि ७.९. वायरमनने मोटर चालू असताना स्टार्टरच्या प्रत्येक फेजच्या आत-बाहेर व्होल्ट पाहिले. दोन फेजवर एक दशांश व्होल्टही नाही, तिसऱ्यावर, म्हणजे ७.९ अँपिअरच्या फेजवर, ४.२ व्होल्ट दाखवतो. एवढ्याने काही बिघडते का? आणि ३६० व्होल्ट मिळतात हा दोष माझ्या केबलचा की टीसीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) येणाऱ्या लाइनचा, हे कसे ओळखावे?

जुना वायंडर

बिघडते. ४.२ भागिले ७.९ म्हणजे अर्धा ओहम, आणि ४.२ गुणिले ७.९ म्हणजे ३३ वॉट, स्टार्टरच्या एका काँटॅक्टमध्ये. मोटरला भागाकार लावू नका असे मी वर म्हणालो, पण काँटॅक्टला तो खुशाल लावा, कारण त्यात फिरणारे काही नाही आणि मोजलेले व्होल्ट व अँपिअर दोन्ही त्याचेच आहेत. फेजच्या व्होल्टमधील थोड्याशा फरकाने मोटरच्या करंटमध्ये त्याच्या कितीतरी पट फरक पडतो, तो तुम्हाला ८.९ आणि ७.९ मध्ये दिसतोच आहे. काँटॅक्टचा संच तिन्ही फेजचा एकदमच बदलावा. पॉलिश पेपरने घासून वेळ मारून नेली तर वरचा चांदीचा थर निघून जातो आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच होते. स्टार्टर उघडलेलाच असेल तेव्हा स्क्रूखालील लग्जही (तारांच्या टोकांना बसवलेले धातूचे तुकडे) आवळून घ्या आणि मोटरच्या तीन टोकांच्या तिन्ही जोड्यांचा रोध मोजून ठेवा. तो तिन्हीकडे सारखाच यायला हवा.

लाइनचा प्रश्न थोडा निराळा आहे. ४१५ मधून ३६० वजा करून ५५ ला तुमच्या ८.४ अँपिअरने भागू नका, कारण ते ५५ व्होल्ट एकट्या तुमच्या करंटने पडलेले नाहीत. त्या लाइनवरच्या सगळ्या मोटरींचा करंट त्यात आहे. सगळ्यांच्या मोटरी चालू असताना तुमची मोटर बंद ठेवून स्टार्टरवर व्होल्ट पाहा, मग ती चालू करून पाहा. या दोन मापांमधील फरक तेवढा तुमच्या मोटरचा.

निपाणीचा मळा

लगेच पाहिले. मोटर बंद असताना ३६६, चालू केल्यावर ३६०.

जुना वायंडर

म्हणजे तुमच्या मोटरने सहा व्होल्ट पडतात आणि उरलेले ४९ तुम्ही बटण दाबण्याआधीच गेलेले असतात. सहाला १.७३२ आणि ८.४ यांच्या गुणाकाराने भागले तर ढोबळमानाने एका तारेचे ०.४ ओहम होतात. मोटरच्या पॉवर फॅक्टरमुळे हा आकडा काटेकोर नाही, पण टीसीपासूनच्या लाइनचा आणि तुमच्या केबलचा मिळून एवढाच रोध असेल, तर केबल जाड करून तुम्हाला फार तर दोन-तीन व्होल्ट परत मिळतील. त्यावर पैसे घालवू नका. वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसला अर्ज देताना नुसते 'व्होल्टेज कमी येते' असे लिहिण्याऐवजी ३६६ आणि ३६० ही दोन्ही मापे, ती घेतल्याची वेळ, आणि त्या टीसीवर एका वेळी किती एचपीच्या किती मोटरी चालतात त्याची यादी जोडा. शेजारच्या मळेवाल्यांच्या सह्याही घ्या, कारण त्यांच्या स्टार्टरवर याहून वेगळे काही दिसत नसणार. तोपर्यंत ओव्हरलोड रिले ७.५ वरच ठेवा. मोटर सारखी बंद पडते म्हणून त्याची चकती ९ कडे फिरवू नये.